तापीला पूर आणू नका : खान्देशातल्या डीएम मंडळींना खुले पत्र

प्रति,
जळगाव, भुसावळ, धुळे आणि चाळीसगावच्या टेबलांवरचे सर्व डीएम (डंजन मास्टर, म्हणजे टेबलावर खेळ चालवणारे)

विषय : नव्या रूलबुकापायी आपलं जग बुडवण्याचा ठराव मागे घेण्याबाबत

स.न.वि.वि.

भरीताच्या पार्टीत झालेला ठराव ग्रुपवर वाचला. सगळी टेबलं डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (डी अँड डी, म्हणजे फासे टाकत, कॅरेक्टर होऊन गोष्ट रचायचा खेळ) 2014 च्या नियमांवरून 2024 च्या नियमांवर न्यायची, हे ठरलं. त्याला माझी काही हरकत नाही, पुस्तक चांगलं आहे. पण त्याच ठरावाच्या शेपटाला दुसरी गोष्ट बांधलीय. तापीला महापूर आणायचा, थाळनेरपासून चांगदेवपर्यंतचा काठ बुडवायचा, गोष्ट शंभर वर्षं पुढे न्यायची आणि म्हणायचं की पुरात जुनी जादू वाहून गेली म्हणून नियम बदलले. ही दुसरी गोष्ट मला अजिबात मान्य नाही. ग्रुपवर चार ओळीत सांगून भागणार नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या टेबलांबाहेरचं कुणी वाचत असेल तर थोडं सांगतो. आमचं जग म्हणजे 1600 सालचा खान्देश, त्यात डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम. असीरगडावर फारुकी आहेत, बऱ्हाणपूरचा बाजार गजबजलेला आहे आणि अकबराची फौज दाराशी आलीय. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता. त्याचा शिलालेख आहे. त्या मठात आम्ही विझार्डांची, म्हणजे जादूगारांची, शाळा बसवली. सातपुड्यात एल्फ (लांब कानांचे जादुई लोक) नाहीत, यक्ष आहेत. हाफ-एल्फचे नियम अर्धयक्षांना लावले. उनपदेवच्या गरम झऱ्याखाली काय आहे ते चोपड्याकडे जाऊन आलेल्या पार्टीलाच (कॅरेक्टरांच्या टोळीलाच) ठाऊक, आणि ती पार्टी काही केल्या बोलत नाही. चार गावची टेबलं एकाच नकाशावर खेळतात. एका टेबलाने पूल पाडला की दुसऱ्याला होडी करावी लागते.

आता मुद्द्यावर येतो. पुराचं समर्थन करताना तुमच्यापैकी एकाने लिहिलंय, ‘मोठ्या कंपन्याही असंच करतात.’ करतात, खरंय. काय करतात आणि पुढे काय होतं, ते जरा सविस्तर बघू.

फॉरगॉटन रेल्म्स हे डी अँड डीचं जग घ्या, दाखला त्याचाच दिलाय म्हणून. एड ग्रीनवुड हा कॅनडातला ग्रंथालयात काम करणारा माणूस. त्याने पोरवयापासून मनात रचलेलं जग टीएसआर कंपनीने 1987 साली पेटीत घालून बाजारात आणलं. दोनच वर्षांनी, 1989 ला, नियमांची दुसरी आवृत्ती आली. त्यात असॅसिन (मारेकरी) हा क्लास, म्हणजे कॅरेक्टरचा पेशा, ठेवला नव्हता. मग जगात फिरणाऱ्या असॅसिनांचं करायचं काय? कंपनीने ‘टाइम ऑफ ट्रबल्स’ घडवलं. देवांना वरून ढकलून जमिनीवर आणलं, त्यातले काही मारले. जादूची देवी मिस्त्रा गेली आणि तिच्या जागी मिडनाइट नावाची एक साधी माणूस विझार्ड देवी होऊन बसली. त्याच धामधुमीत देवांच्या ताकदीसाठी असॅसिनांचे प्राण एकगठ्ठा खेचले गेले. पुस्तकातून एक पान गेलं, त्यापायी एका धंद्याची सगळी माणसं मेली!

त्यातून चांगलंही निघालं, हे मी नाकारत नाही. खुनाचा देव भाल त्याच गोंधळात मेला, पण मरण्याआधी माणसांच्यात आपली लेकरं पेरून गेला. 1998 चा बाल्डर्स गेट हा कॉम्प्युटर गेम आणि त्याचा 2000 चा दुसरा भाग त्या एका गोष्टीवर उभे आहेत. आपल्याकडे 2023 चा तिसरा भाग खेळून जे टेबलावर आले त्यांनाही भाल ओळखीचा आहे. संकट नीट लिहिलं आणि त्याचे धागे खेळाडूंच्या हातात दिले की त्याचं सोनं होतं. पुराच्या तुमच्या मसुद्यात असा एकही धागा मला सापडला नाही. पाणी येतं, सगळं नेतं, संपलं.

आणि 2008 ला काय झालं? चौथी आवृत्ती आली. नियम इतके बदलले की जादू चालायची पद्धतच वेगळी झाली. मग मिस्त्राला पुन्हा मारलं. तिच्या खुनाने ‘स्पेलप्लेग’ उसळला, निळी आग जगभर पसरली. विझार्डांचा हालरुआ देश स्फोटात गेला. नव्या पुस्तकात ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनसारखे दिसणारे लोक) होते, त्यांना राहायला जागा हवी, म्हणून दुसऱ्या जगातला एक तुकडा उचलून अनथर देशाच्या डोक्यावर आदळला आणि तिथे टायमँथर नावाचं राज्य मांडलं. कॅलेंडर 1385 वरून थेट 1479 वर. ही शंभर वर्षांची उडी तुम्ही तिथूनच उचललीय, हे दिसतंय.

सहा वर्षांनी, 2014 ला, पाचवी आवृत्ती आली आणि कंपनीने ‘संडरिंग’ नावाची आणखी एक उलथापालथ करून हे सगळं उलटं फिरवलं. मिस्त्रा परत. अनथर परत. हालरुआसुद्धा परत. भालही परत. जे जे मोठं होतं ते ते जागेवर आलं. परत न आलेले कोण, ते बघा. सरायवाला, घाटावरचा नावाडी, तुमच्या रोगला, म्हणजे चोर कॅरेक्टरला, चोरीचा माल विकून देणारी म्हातारी. ही माणसं शंभर वर्षांच्या उडीत म्हातारपणाने मेली आणि त्यांना कोणत्याही देवाने उठवलं नाही. एल्मिन्स्टर हा विझार्ड जगला, कारण तो कंपनीचा लाडका.

आपल्याकडेही नेमकं हेच होईल. थाळनेरच्या घाटावरचा आपला नावाडी आठवा. धुळ्याच्या टेबलाने त्याला एका सेशनपुरतं तयार केलं होतं. त्याचं कार्ड माझ्यासमोर आहे. एका कोपऱ्यावर शेवभाजीच्या रश्श्याचा डाग, मागच्या बाजूला उधारीची यादी. ‘उंच अर्धयक्ष, दोन खेपा, पैसे बाकी.’ खाली वेगळ्या शाईत, ‘हाच पुन्हा, सोबत बकरी, बकरीचे वेगळे.’ त्याखाली भुसावळच्या माणसाचं अक्षर, मग चाळीसगावच्या. चार गावच्या खेळाडूंनी त्याला बुडवलंय आणि तरी तो प्रत्येकाला पलीकडे नेतो. कोणत्याही छापील पुस्तकात हे मिळत नाही. शंभर वर्षांनी त्याचा पणतू घाटावर असेल, असं मसुद्यात लिहिलंय. पणतूकडे यादी असणार नाही भो.

आणखी एक. नियम बदलला की जगात त्याचं कारण सापडलंच पाहिजे, हा आग्रह कुठून आला? 2000 साली तिसऱ्या आवृत्तीत आर्मर क्लासची (वार किती अडतो त्या आकड्याची) दिशाच उलटली. आधी आकडा जितका कमी तितकं चिलखत भक्कम, त्यानंतर जितका जास्त तितकं भक्कम. डी अँड डीच्या हिशेबातला याहून मोठा उलटफेर मला तरी माहीत नाही. त्यासाठी एकही देव मेला नाही, एकही देश बुडाला नाही. लोकांनी नवा आकडा कागदावर लिहिला आणि फासे टाकले. मग 2024 च्या पुस्तकात क्युअर वूंड्स या जखमा भरायच्या मंत्राला आठबाजूंच्या एका फाशाऐवजी दोन फासे आले, एवढ्यासाठी तापीला पूर? क्लेरिकचं (देवाच्या जोरावर जादू करणाऱ्याचं) डोमेन, म्हणजे खास शाखा, पहिल्या लेव्हलऐवजी तिसऱ्या लेव्हलला निवडायचं, म्हणून चांगदेवचा संगम बुडवायचा?

अर्धयक्षांचं मात्र खरंच अडतं, ते मान्य. नव्या प्लेयर्स हँडबुकात हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क या प्रजाती नाहीत. मसुद्यात यावर तोडगा काढलाय की अर्धयक्ष पुरात नामशेष झाले. माझ्या टेबलावर अर्धयक्ष खेळणारी ताई आहे. तिला हे वाचून दाखवल्यावर ती अहिराणीत जे बोलली त्यातलं छापण्यासारखं एवढंच : ‘मन्हा माणूस कथा गया?’ (माझा माणूस कुठे गेला?) तिच्या प्रश्नाला तुमच्याकडे काय उत्तर आहे? उत्तर नव्या पुस्तकातच आहे खरं तर. जुन्या पुस्तकांतल्या प्रजाती नव्या बॅकग्राउंडसोबत (कॅरेक्टरच्या पूर्वायुष्यासोबत) कशा वापरायच्या, ते त्यात लिहिलंय. दोन ओळींचं काम आहे. प्रजाती पुस्तकातून वगळणं आणि जगातून मारून टाकणं यात फरक आहे, आणि छापणाऱ्या कंपनीलाही तो कळलाय.

डार्क सनचं उदाहरण मला सगळ्यात जास्त खुपतं. 1991 चं अथास हे वाळवंटी जग, जादूने जमीन जळते, शहरांवर जादूगार-राजे बसलेले, आणि खेळाडूंनी त्या राजांविरुद्ध उभं राहायचं. काय सुंदर मांडणी! पण कंपनीने त्याच वर्षी कादंबऱ्यांची मालिका सुरू केली आणि कादंबरीतल्या नायकांनी एकेक राजा मारायला घेतला. 1995 ला सुधारित पेटी आली तेव्हा जगातली बरीच मोठी कामं कुणीतरी उरकून ठेवली होती. टेबलावरच्या माणसांना उरलंसुरलं. 2010 मध्ये चौथ्या आवृत्तीसाठी अथास पुन्हा काढलं तेव्हा लेखकांनी शहाणपणाने घड्याळ मागे नेलं : फक्त टायर शहराचा राजा कालक मेलाय, बाकी सगळे जिवंत.

आता आपलं बघा. गेल्या कितीतरी सेशनपासून चारही टेबलं असीरगडाच्या वेढ्याकडे सरकतायत. चाळीसगावकरांनी गडावर दाणागोटा चढवलाय. जळगावच्या पार्टीने मुघल छावणीत माणूस पेरलाय. धुळेकर दोन्ही बाजूंकडून पैसे खातायत, त्यांचं नेहमीचंच. खऱ्या इतिहासात गड जानेवारी 1601 मध्ये पडला आणि अकबराने लाच देऊन दार उघडवलं असं सांगतात. आपल्या इतिहासात काय होणार, हे अजून कुणालाच माहीत नाही. खेळात याहून मोठी मजा असते का? आणि शंभर वर्षांची उडी मारून तुम्ही आम्हाला थेट 1700 मध्ये नेणार. वेढ्याचा निकाल मसुद्यात एका वाक्यात उरकलाय : ‘गड पडला, मग पूर आला.’ अथासचे राजे कादंबरीत मारले, तसा आपला गड ग्रुपवरच्या पीडीएफमध्ये पाडलात.

उलट एबेरॉन बघा. टीएसआरनंतर डी अँड डी छापणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने 2002 मध्ये नव्या जगासाठी खुली निवड ठेवली. अकरा हजारांहून जास्त प्रस्ताव आले आणि त्यातून कीथ बेकरचं जग निवडलं. पुस्तक 2004 ला आलं. त्यात महायुद्ध नुकतंच संपलंय, सायर नावाचा देश एका दिवसात धुक्यात नष्ट झालाय, आणि खेळ सुरू होतो 998 साली. चौथ्या आवृत्तीचं एबेरॉन 2009 ला आलं, साल 998. पाचवीचं 2019 ला, तरीही 998. सायर कशाने गेला, याचं अधिकृत उत्तर त्यांनी मुद्दाम दिलेलं नाही, ज्याच्या त्याच्या टेबलाने ठरवायचं. ड्रॅगनबॉर्न इथेही आणायचे होतेच. त्यासाठी कुणाच्या डोक्यावर देश आदळला नाही. क्यू'बाराच्या जंगलात ते पूर्वीपासून राहत होते, बाकीच्यांचं तिकडे लक्ष नव्हतं, एवढं म्हणून पुढे गेले. सातपुड्यात पाल-यावलच्या पलीकडे कोण कोण राहतं, हे बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याला तरी कुठे माहीत होतं? नव्या पुस्तकातले गोलायाथ (महाकायांच्या वंशाचे धिप्पाड लोक) आणायचे असतील तर तोरणमाळच्या वर जागाच जागा आहे.

पाथफाइंडर या दुसऱ्या खेळवाल्यांचा रस्ता वेगळा आणि मला तोही आवडतो. त्यांचं गोलेरिअन हे जग खऱ्या कॅलेंडरबरोबर चालतं, आपल्या सालात 2700 मिळवले की त्यांचं साल. 2019 ला दुसरी आवृत्ती आली तेव्हा बदल होतेच. पण बरेचसे बदल आधी छापलेल्या मोहिमांचे निकाल होते. राक्षसी दरी बंद झाली, कारण लोकांनी 2013 ची मोहीम खेळून ती बंद केली होती. लास्टवॉल नावाचं राज्य पडलं, तेही मोहिमेतच. 2023 ला डी अँड डीच्या लायसन्सच्या भांडणानंतर त्यांना ड्रो (जमिनीखालचे एल्फ) काढून टाकावे लागले, तेव्हा त्यांनी जग न हलवता नाग-माणसांना पुढे केलं आणि विषय मिटवला. कायद्याची भानगड होती, तिला देवाचं नाव लावलं नाही, हे मला बरं वाटलं.

ड्रॅगनलान्स या डी अँड डीच्या आणखी एका जगावर फार वेळ घालवत नाही. 1996 मध्ये त्यांनी देव घालवले, जुनी जादू घालवली आणि फासेसुद्धा घालवून हातात पत्ते दिले. आखाजीला पत्ते कुटणाऱ्या आपल्या लोकांना ते आवडलंही असतं, पण क्रिनवर, म्हणजे त्याच जगावर, प्रेम करणाऱ्यांना रुचलं नाही. 2022 चं नवं पुस्तक मुकाट्याने जुन्या युद्धाच्या काळात परत गेलं. ग्रेहॉक या जगाचंही तेच. 1983 च्या पेटीत साल 576, नंतर युद्धं झाली, राज्यं उलटली, साल पुढे गेलं, आणि 2024 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये पुन्हा 576. वॉरहॅमर या दुसऱ्या खेळाने तर 2015 पर्यंत जुनं जग पुरतं फोडून टाकलं. 2018 चा त्यांचा रोल-प्लेइंग गेम मात्र फुटण्याआधीच्या काळात मांडलाय, आणि 2024 मध्ये जुनं जग मिनिएचरच्या खेळातही परत आणलं. ज्यांनी ज्यांनी पूर आणला त्यांच्यातले बरेच जण नंतर काठावर परत येऊन कपडे वाळवतायत.

ग्रेहॉकचीच एक गोष्ट आपल्याला फार जवळची आहे. 2000 ते 2008 ‘लिव्हिंग ग्रेहॉक’ नावाचा सामाईक खेळ चालायचा. खऱ्या जगातल्या एकेका प्रदेशाला ग्रेहॉकच्या नकाशातला एकेक मुलूख वाटून दिलेला. तिथल्या लोकांनी आपापल्या मुलखाच्या गोष्टी लिहायच्या आणि खेळायच्या. आपण चार गावांनी जे करतो तेच, फक्त खूप मोठ्या प्रमाणात. चौथी आवृत्ती आली आणि ते बंद झालं. त्या मुलखांना नव्या नियमांत नेलंच नाही, दुसऱ्या जगात नवा कार्यक्रम सुरू केला. आवृत्ती बदलणं हे कारण किती पुरेसं असतं बघा, पूरसुद्धा लागत नाही.

तुमच्यातले एक दादा म्हणतात, बदलाशिवाय जग शिळं होतं. बरोबर आहे. पण बदल असा होतो का? 1601 ला गड घेतल्यावर मुघलांनी शाहजादा दानियालच्या नावावरून खान्देशाचं दानदेश केलं. 1906 ला इंग्रजांनी जिल्ह्याचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे केले. 1960 नंतर ते जळगाव आणि धुळे झाले, 1998 ला नंदुरबार वेगळा निघाला. कागद बदलले, शिक्के बदलले, साहेब बदलले. तापी तिथेच होती आणि कानबाईचे रोट त्याच श्रावणात झाले. आपल्या टेबलांनाही एवढंच करायचंय, कागद बदलायचे आहेत.

देवांबद्दल एक शब्द, कारण मसुद्यात पुरामागे ‘देवाचा कोप’ लिहिलाय. 1980 च्या एका अधिकृत डी अँड डी पुस्तकात इंद्र आणि अग्नीला हिट पॉइंट दिले होते, म्हणजे पुरेसे वार बसले तर इंद्र मरणार. राक्षसाला तर त्यांनी 1977 मध्ये वाघाचं तोंड लावलं, पुढे उलटे पंजेही आले, आणि क्लेरिकने मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणाने तो मरतो असा नियम केला. आपल्या आज्जीने ऐकलं असतं तर हसून मेली असती. आपण सुरुवातीलाच ठरवलं होतं की घरात पूजा होते त्या देवांना आकडे द्यायचे नाहीत आणि त्यांना गोष्टीत कामालाही लावायचं नाही. ते तसंच राहू द्या. कुणाचा कोप वगैरे नको.

तर माझं म्हणणं असं. 2024 चे नियम पुढच्याच सेशनपासून लावा, एका शब्दाचंही स्पष्टीकरण न देता. ज्याला कॅरेक्टर बदलून लिहायचंय त्याने लिहावं, ज्याला जुनी प्रजाती ठेवायचीय त्याने ठेवावी, पत्रक मी बनवून देतो. साल 1600 च राहील. ते पुढे सरकेल ते टेबलावर खेळून, पीडीएफमधून नाही. गाव बुडवायचं असेल तर कुणीतरी टेबलावर बसून धरण फोडावं, बाकीच्यांना ते थांबवायची संधी मिळावी, आणि मग बुडालं तर बुडालं, मी स्वतः नकाशावर निळी शाई ओततो. चार टेबलांच्या घडामोडींची एक वही ठेवायची. ती सध्या कुणाकडेच नाही, हे आपल्या घोळाचं खरं मूळ आहे. ती चाळीसगावच्या ताईंनी ठेवावी असं मी सुचवतो, त्यांचं अक्षर वाचता येतं.

आणि ज्यांना 1700 चा खान्देश खेळायचाच आहे, औरंगजेबाच्या शेवटच्या वर्षांतला, त्यांनी जरूर वेगळं टेबल मांडावं. मीही येईन. मात्र ते ‘पुढे काय झालं’ म्हणून खेळायचं नाही, ‘असंही होऊ शकतं’ म्हणून खेळायचं.

आखाजीच्या बैठकीआधी प्रत्येक टेबलाने आपलं मत ग्रुपवर लिहावं. भुसावळचं टेबल तोवर नव्या नियमांनी जुन्याच काठावर खेळणार आहे. आमची पार्टी गडाच्या पायथ्याशी पोचलीय आणि धुळेकरांनी आमच्याकडूनही पैसे घेतलेत, त्याचा जाब पुढच्या सेशनला मागणार आहोत.

आपला,
भुसावळच्या टेबलाचा डीएम

ता.क. नकाशा लॅमिनेट करायला टाकणार असाल तर आधी एकदा बघा. त्यात वाघूर नदी दोनदा काढलीय. खरी कोणती ते जळगावकरांनी ठरवावं. दुसरीच्या काठी माझ्या लोकांनी दोन गावं वसवलीत, त्यामुळे ती पुसायची नाही, तिला फक्त नाव द्या.